किटमधून कंपोनंट टेस्टर जोडताना: पार्ट ओळखण्यापासून मापाची खात्री होईपर्यंत

मार्च उजाडला की खानापूर, चिकोडी, अथणी, कुठल्याही गावात जा, एक तक्रार ठरलेली: पंखा फिरतो, पण वारा लागत नाही. दहापैकी बहुतेक वेळा दोष पंख्याच्या वाटीतल्या कपॅसिटरचा असतो. २.५ मायक्रोफॅरडचा (मायक्रोफॅरड हे कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) कपॅसिटर झिजून दीडवर आलेला असतो. साधा मल्टिमीटर हे सांगत नाही. मग अंदाजाने पार्ट बदलायचा, तरी वारा नाहीच लागला तर वाइंडिंगवर ठपका ठेवायचा, असं चालतं. पाण्याच्या सिंगल फेज मोटारीचं तेच, गणपतीच्या रोषणाईच्या अडॅप्टरचं तेच. माझं ठाम मत असं की दुरुस्ती शिकणाऱ्या प्रत्येकाकडे मल्टिमीटरनंतर दुसरं उपकरण हवं ते कंपोनंट टेस्टर, आणि ते तयार विकत न घेता किटमधून, म्हणजे सुट्या पार्टांच्या संचातून, स्वतः जोडावं. जोडताना ते मोजतं कसं हे कळतं. आणि ते कळलं की त्याच्या आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा, कधी नाही, हेही कळतं.

हे उपकरण मुळात जर्मनीतल्या हौशी मंडळींचं. मार्कुस फ्रेयेक यांनी एव्हीआर मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम भरता येणारी छोटी चिप) वापरून ट्रान्झिस्टर टेस्टर बनवला आणि त्याची माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवली. पुढे कार्ल-हाइन्झ क्यूब्बेलर यांनी त्यात खूप भर घातली. आज बाजारात मिळणारी बहुतेक स्वस्त किट याच कामावर उभी आहेत. त्यात एटीमेगा ३२८ ही २८ पायांची चिप, १६ अक्षरांच्या दोन ओळींचा एलसीडी, तीन टेस्ट पिना आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. दोन किंवा तीन पायांचा कुठलाही पार्ट पिनांत घालायचा आणि बटण दाबायचं. पार्ट कोणता, कुठला पाय काय आणि माप किती, हे स्क्रीनवर येतं.

मोजतं कसं, ते आधी

हे वगळून थेट सोल्डरिंगकडे जाऊ नका. प्रत्येक टेस्ट पिनेला चिपकडून तीन वाटा जातात: एक थेट, एक ६८० ओहमच्या रेझिस्टरमधून आणि एक ४७० किलोओहमच्या रेझिस्टरमधून. चिप एका पिनेला पाच व्होल्ट देते, दुसरी ग्राउंड करते, तिसरी मोकळी ठेवते, आणि अशा सहाही जोड्या लावून पाहते. वीज कुठून कुठे वाहिली, त्यावरून डायोड, ट्रान्झिस्टर, मॉसफेट ओळखते.

कपॅसिटर मोजताना ती वेळ मोजते. ६८० ओहममधून २.५ मायक्रोफॅरड चार्ज करायचा तर टाइम कॉन्स्टंट, म्हणजे रेझिस्टर गुणिले कपॅसिटर, १.७ मिलिसेकंद येतो. तोच कपॅसिटर झिजून २ मायक्रोफॅरडवर आला तर १.३६ मिलिसेकंद. ८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपला हा फरक अगदी सहज दिसतो. यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे: ६८० ओहमचा रेझिस्टर खरा ६८७ असेल तर मापातही एक टक्का चूक येणार. म्हणजे या किटमध्ये तीन ६८० ओहमचे आणि तीन ४७० के (किलोओहम) चे हे सहा रेझिस्टर म्हणजे तराजूची वजनं आहेत. बाकीचे पार्ट थोडे इकडेतिकडे चालतात, हे सहा चालत नाहीत.

हत्यारं

२५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि बारीक टोकाचा बिट. सोल्डर वायर ६०/४० किंवा ६३/३७, एक मिलिमीटरपेक्षा बारीक. ६३/३७ ची वायर १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते, म्हणून शिकणाऱ्यासाठी तीच चांगली. कटर, नोज प्लायर, डीसोल्डर पंप, जुना टूथब्रश, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक मल्टिमीटर, एवढं पुरे. नळ किंवा पत्रा जोडायला वापरतात ती ॲसिडची पेस्ट मात्र पीसीबीजवळही (ज्या छापील बोर्डावर पार्ट बसतात तो) आणू नका, ती त्यावरचे तांब्याचे ट्रॅक खाते. वायरच्या आत असलेली राळ पुरेशी असते.

सोल्डरमध्ये शिसं असतं. काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि मधेच भडंग खायला तोच हात लावायचा नाही. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

सुटे पार्ट लागले तर बेळगावात रेझिस्टर, आयसी बेस (चिप बसवायचा सॉकेट), बीसी५४७ ट्रान्झिस्टर असली नेहमीची वस्तू मिळून जाते. जास्त काही हवं असेल तर पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बेंगळूरचा एस. पी. रोड. एक लक्षात ठेवा: किटमधल्या एटीमेगामध्ये प्रोग्रॅम भरलेला असतो. चिप बिघडली म्हणून दुकानातून कोरी चिप आणून बसवली, तर त्यात आधी प्रोग्रॅम भरल्याशिवाय काहीही होणार नाही.

पार्ट मांडून घ्या

पांढरा कागद पसरा आणि यादीप्रमाणे सगळे पार्ट त्यावर लावा. प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरने मोजा आणि मगच त्याच्या नावासमोर ठेवा. रंगांवर विसंबून राहू नका, याचं कारण सांगतो. किटमधले रेझिस्टर एक टक्क्याचे, पाच पट्ट्यांचे आणि निळ्या अंगाचे असतात. ६८० ओहम म्हणजे निळा, राखाडी, काळा, काळा, तपकिरी. ४७० के म्हणजे पिवळा, जांभळा, काळा, नारिंगी, तपकिरी. हे दोन उलटे वाचले तर काहीतरी भलतंच माप येतं, म्हणून चूक लगेच कळते. पण १० के बघा: तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. दोन्ही टोकांना तपकिरी. उलटा वाचला तर तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी, म्हणजे १२० ओहम, आणि तेही बाजारात मिळणारं खरंखुरं माप. ट्यूबच्या पिवळट उजेडात लाल आणि तपकिरी पट्टीत फरकही धड दिसत नाही. मीटर दोन सेकंदांत सांगतो.

६८० ओहमचे तिन्ही मोजून एकमेकांशी ताडून पाहा. किटमध्ये तीनच येतात, पण जमलं तर एक टक्क्याचे दहा-बारा जास्त घ्या आणि त्यातून ६८० च्या सगळ्यात जवळचे, एकमेकांशी जुळणारे तीन निवडा. ४७० के चं तसंच. पंधरा मिनिटांचं काम, पण उपकरणाचा सगळा खरेपणा इथे ठरतो.

आता तीन पायांचे काळे पार्ट. यातच किटं सगळ्यात जास्त वाया जातात. नऊ व्होल्टचे पाच करणारा ७८एल०५ रेग्युलेटर, टीएल४३१ व्होल्टेज रेफरन्स, ९०१४ आणि ९०१५ ट्रान्झिस्टर, सगळ्यांचं अंग अगदी एकसारखं. भिंग घ्या, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून अक्षरं वाचा आणि प्रत्येकाच्या शेजारी कागदावर नाव लिहा. ७८एल०५ च्या जागी ९०१४ गेला तर नऊ व्होल्ट थेट चिपपर्यंत पोचू शकतात.

९०१४ हरवला आणि दुकानातून बीसी५४७ आणला तर चालतो, पण पाय उलटे आहेत. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर ९०१४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर, आणि बीसी५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणून बीसी५४७ बसवताना पीसीबीवरच्या चित्राच्या उलट तोंड करायचं. ९०१५ च्या जागी बीसी५५७ लावला तरी हाच नियम.

डिस्क कपॅसिटरवर १०४ असेल तर तो १०० नॅनोफॅरड, २२ असेल तर २२ पिकोफॅरड. २२ चे दोन्ही क्रिस्टलजवळ (चिपला ठेका देणारा पार्ट) जातात.

सोल्डरिंग

आधी बुटके पार्ट, मग उंच. रेझिस्टर, क्रिस्टल, डिस्क कपॅसिटर, आयसी बेस, प्रीसेट (एलसीडीच्या अक्षरांचा उठाव कमी-जास्त करणारा, फिरवायचा रेझिस्टर), ट्रान्झिस्टर, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, पुश बटण, एलसीडीची बर्ग स्ट्रिप (पिनांची पट्टी), आणि शेवटी टेस्ट सॉकेट. या क्रमात पीसीबी उलटी केली तरी पार्ट टेबलावर टेकून जागच्या जागी राहतो.

टाका असा घ्या. बिट ओल्या स्पंजावर पुसा, त्यावर किंचित सोल्डर लावा. मग बिट अशा जागी टेकवा की पार्टचा पाय आणि पीसीबीचा पॅड दोन्ही एकदम तापतील. एक-दीड सेकंदाने सोल्डर वायर बिटला न लावता पायाला लावा. सोल्डर वितळून पॅडभर पसरतो आणि पायावर थोडा चढतो. आधी वायर काढा, मग बिट, आणि सोल्डर थिजेपर्यंत पार्ट हलवू नका. चांगला टाका चमकतो आणि पायाकडून पॅडकडे उतरता होत जातो. गोल गोळी होऊन पॅडवर बसलेला किंवा राखाडी, खरबरीत दिसणारा टाका म्हणजे ड्राय सोल्डर. तो वरून ठीक वाटतो, आज चालतो, आणि जुलैत दगा देतो.

जुलैचं नाव काढलं ते उगीच नाही. जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस लागला की घरातली कपाटंसुद्धा दमट होतात. किट महिनाभर तशीच पडून राहिली असेल तर पार्टचे पाय काळपट होतात आणि सोल्डर त्यांना धरत नाही. अशा पायावर बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवला की काम होतं. नाही तर आपण बिट जास्त वेळ दाबून धरतो आणि पॅडच उखडतो.

तीन सेकंदांत टाका झाला नाही तर थांबा, थंड होऊ द्या, बिट पुसा, पुन्हा करा.

क्रिस्टल पीसीबीला अगदी चिकटवू नका, खाली कागदाइतकी फट ठेवा. इलेक्ट्रोलिटिकचा लांब पाय प्लस, अंगावरची पट्टी मायनस. आयसी बेसची खाच पीसीबीवरच्या खाचेशी जुळवा, कारण पुढे चिप बसवताना डोळा बेसकडेच जातो. सगळं झाल्यावर टूथब्रश आणि अल्कोहोलने खालची बाजू घासून काढा. टेस्ट पिनांच्या आसपास राळेचा थर आणि त्यावर ओल राहिली तर मेगाओहमची मापं डळमळतात.

चिप बसवायच्या आधी

चिप आणि एलसीडी बाजूला ठेवा. मल्टिमीटर बीपवर लावून बॅटरीच्या दोन वायरींत शॉर्ट नाही ना, ते बघा. मग बॅटरी लावा आणि डीसी व्होल्टवर मोजा. काळा प्रोब आयसी बेसच्या ८ नंबरला, लाल ७ नंबरला. बटण न दाबता शून्य दाखवेल, घाबरू नका. या सर्किटमध्ये बटण दाबलं की वीज सुरू होते आणि पुढे ती चिप स्वतः धरून ठेवते. आता चिपच नाही, म्हणून बटण दाबून ठेवूनच मोजायचं. ७ नंबरला आणि २० नंबरला पाच व्होल्ट आले पाहिजेत, ४.९ ते ५.१ च्या दरम्यान. सात-आठ व्होल्ट आले तर चिपला हातही लावू नका, रेग्युलेटरची जागा आणि तोंड तपासा. काहीच आलं नाही तर ९०१५ उलटा आहे का, ते पाहा.

ही तपासणी झाली की बॅटरी काढा. नव्या चिपचे पाय थोडे फाकलेले असतात. टेबलावर चिप आडवी धरून एकेका बाजूचे चौदा पाय एकदम किंचित आत वळवा, मग खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या. एखादा पाय बेसमध्ये न जाता खाली दुमडला तर वरून अजिबात दिसत नाही, म्हणून बाजूने उजेडात बघा.

एलसीडी लावा, बॅटरी लावा, बटण दाबा. स्क्रीन कोरा दिसला तर प्रीसेट हळूहळू फिरवा, बहुतेकदा अक्षरं तिथेच दडलेली असतात. वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसले आणि प्रीसेटनेही काही बदललं नाही, तर एलसीडीला वीज मिळते पण चिप तिच्याशी बोलत नाही. क्रिस्टलचे टाके, चिपचा दुमडलेला पाय आणि बर्ग स्ट्रिपवर शेजारच्या दोन पिनांत गेलेला सोल्डर, हे तीन आधी तपासा. बटण सोडताच स्क्रीन बंद होत असेल तर चिप वीज धरून ठेवू शकत नाही. अशा वेळी ९०१४ आणि त्यांच्या बेसकडचे रेझिस्टर पाहायचे.

कॅलिब्रेशन

स्क्रीनवर अक्षरं आली की बरेच जण इथे थांबतात, आणि मग म्हणतात की किटचं माप खरं नसतं. पुढची पाच मिनिटं देणं फार गरजेचं आहे.

टेस्ट सॉकेटच्या तिन्ही पिना उघड्या तांब्याच्या वायरने एकत्र शॉर्ट करा आणि बटण दाबा. उपकरण हे ओळखतं आणि सेल्फ टेस्ट सुरू करतं. काही किटमध्ये आधी विचारणा येते, तेव्हा लगेच पुन्हा बटण दाबावं लागतं. मधे एका टप्प्यावर पिना मोकळ्या करायला सांगतं, तेव्हा वायर काढा आणि हात लांब घ्या, कारण आता ते पिनांची आणि ट्रॅकची स्वतःची कपॅसिटी मोजून बाजूला काढणार असतं. शेवटी १ आणि ३ नंबरच्या पिनेत १०० नॅनोफॅरडपेक्षा मोठा कपॅसिटर मागितला तर फिल्मचा लावा, इलेक्ट्रोलिटिक नको. हे आकडे चिपच्या कायमच्या मेमरीत राहतात, बॅटरी काढली तरी जात नाहीत. टेस्ट क्लिपांच्या वायरी बदलल्या तर मात्र सगळं पुन्हा करायचं.

आता ताळा. मल्टिमीटरने आधीच मोजलेले एक टक्क्याचे दोन-तीन रेझिस्टर घाला, एक १०० ओहमच्या आसपासचा, एक १० के, एक ४७० के. आकडे जुळतात का बघा. १एन४००७ डायोडचा ड्रॉप ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास यावा. बीसी५४७बी चा गेन, म्हणजे तो करंट किती पट वाढवतो तो आकडा, डेटाशीटप्रमाणे २०० ते ४५० मध्ये बसावा. पार्ट फिरवून, वेगळ्या पिनांत घालून पुन्हा मोजा. पाय ओळखण्यात फरक पडता कामा नये, आणि मापही जवळपास तेच यायला हवं. एकाच पिनेच्या जोडीत माप वेगळं येत असेल तर त्या पिनेच्या ६८० किंवा ४७० के मध्ये घोळ आहे, आणि कुठे शोधायचं ते आपोआप कळतं. हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. सहा महिन्यांनी तेच रेझिस्टर पुन्हा मोजायचे.

पंख्याचा आणि मोटारीचा कपॅसिटर

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. चार्ज असलेला कपॅसिटर या उपकरणाच्या पिनांत गेला की चिप त्याच क्षणी जाते. आणि हाताला लागला तर नुसती चिप जाण्यावर भागत नाही.

आधी मेन स्विच बंद करा, आणि घरात कोणी पुन्हा चालू करणार नाही असं सांगून ठेवा. मोटारीच्या पॅनेलचा फ्यूज काढून खिशात ठेवा. मग १० किलोओहम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी कपॅसिटरच्या दोन टोकांवर दहा-पंधरा सेकंद धरा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची सवय बऱ्याच जणांना असते. ती सोडा, त्याने कपॅसिटर खराब होतो आणि डोळ्यालाही धोका असतो. रेझिस्टर काढल्यावर मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजून शून्य झाल्याची खात्री करा. त्यानंतरच कपॅसिटरची निदान एक वायर सोडवा आणि टेस्टरला लावा. सर्किटमध्येच ठेवून मोजलं तर वाइंडिंगमुळे माप भलतंच येतं.

२.५ मायक्रोफॅरड, अधिक-उणे पाच टक्के असं लिहिलेला कपॅसिटर २.३८ ते २.६३ मध्ये दिसला पाहिजे. २.१ आला तर पंखा मंद होणारच, दीडवर आला तर फारच मंद फिरणार, कधी हाताने ढकलल्याशिवाय सुरूही होणार नाही. नव्या काही पंख्यांत ३.१५ चा असतो, म्हणून अंगावरचा आकडा वाचूनच तुलना करा. माप बरोबर असूनही पंखा मंद असेल तर बेअरिंग, रेग्युलेटर आणि घरात येणारं व्होल्टेज बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज उतरतं, तेव्हा पंख्याचा काही दोष नसतो.

उपकरण फक्त पाच व्होल्टवर मोजतं, ही त्याची मर्यादा. ४४० व्होल्टचा कपॅसिटर पाच व्होल्टला चांगला दिसून मोटारीवर फुटू शकतो. म्हणून फुगलेला, तेल गळणारा किंवा चटका लागेल इतका तापणारा कपॅसिटर मापात बसला तरी बदला. त्याच कारणाने १२ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टला उलट्या दिशेने वाहणारा डायोड) इथे साधा डायोड म्हणून दिसतो, आणि इंडक्शन शेगडीतला आयजीबीटी (मोठा करंट चालू-बंद करणारा पार्ट) कधी ओळखलाच जात नाही. तो पार्ट खराब आहे असा अर्थ लगेच काढू नका.

अडॅप्टर आणि सेट टॉप बॉक्सच्या बारक्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये मात्र याचा फार उपयोग होतो. कपॅसिटी बरोबर, पण ईएसआर (कपॅसिटरच्या आतला रेझिस्टन्स) खूप वाढलेला, असा पार्ट बऱ्याच वेळा सापडतो. त्याच मापाचा नवा कपॅसिटर शेजारी मोजून तुलना करा, कारण ईएसआर किती असावा हे कपॅसिटरच्या आकारावर आणि व्होल्टेजवर ठरतं.

डबा म्हणून प्लास्टिकचा कुठलाही टिफिन चालतो. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि काही आठवडे वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवा, ओलीत गळलेली बॅटरी पहिल्यांदा क्लिप खाते आणि मग ट्रॅक.